तेरजेतला फरक

प्राचीने आणलेला अहवाल स्पायरल बाइंडिंगचा होता. वर जाड प्लास्टिकचं कव्हर, आत रंगीत आलेख, शेवटी समुपदेशकाची सही. प्राची माझी मामेबहीण. तिचा सोहम दहावी झाला आणि पुण्यातल्या बहुतेक घरांत होतं तेच तिच्याकडे झालं: आधी कल चाचणी, मग नात्यागोत्यात त्या लाइनचं कोण आहे त्याची शोधाशोध. सीए म्हणून मी सापडले. रविवारी सकाळी मी पोहे परतत असताना तिने ओट्यापाशी उभ्या उभ्याच पानं उलटून दाखवली. ‘संख्यात्मक क्षमता : उच्च’ या ओळीवरून पिवळा हायलायटर दोनदा फिरवलेला होता, इतका की कागद मागून ओलसर झालेला. त्याच तक्त्यात खाली ‘वेग व अचूकता : सरासरी’ अशी एक ओळ होती. तिच्यावर हायलायटर नव्हता, ती कोरीच होती. “म्हणजे सीएला घालायला हरकत नाही ना, ताई?” तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत सोहम आत आला, बशी उचलली आणि अगदी सहज म्हणाला, “मावशी, पण तू ऑफिसला जाऊन नक्की करतेस काय?”

मी म्हटलं, “ऑडिट, टॅक्स, जीएसटी.” तो “ओके” म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागला.

त्याचा तो ओके पुढे कितीतरी दिवस कानात राहिला. मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून दिलेला ओके होता तो. आणि चूक त्याची नव्हती. डॉक्टर काय करतो ते मुलाला माहीत असतं, कारण त्याने इंजेक्शन घेतलेलं असतं. वकील काय करतो ते, निदान चुकीचं का होईना, सिनेमातून कळलेलं असतं. सीए काय करतो? सह्या करतो. टॅक्स वाचवतो. भरपूर कमावतो. लग्नाच्या बाजारात ‘सीए स्थळ’ म्हणून चालतो. एवढ्या माहितीवर सोळा वर्षांचं पोर ‘मला हे जमेल का’ अशी चाचणी देऊन आलं होतं. ‘हे’ म्हणजे काय, ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. जमेल का, हा प्रश्न त्याच्या आईने विचारला. काय जमवायचंय, हा त्याने विचारला. मला त्याचा प्रश्न जास्त शहाणा वाटला.

तर, मी काय करते? वाचते. दिवसाचा मोठा भाग वाचण्यात जातो. बिलं, करारनामे, बँकेची स्टेटमेंट्स, नोटिसा, परिपत्रकं, कायद्याची कलमं. बेरजा टॅलीसारखं सॉफ्टवेअर करतं, एक्सेल करतं. आम्ही त्या बेरजा ज्या कागदावरून आल्या तो कागद बघतो आणि खरा आहे का ते विचारतो. लोकांना वाटतं, गणित चांगलं म्हणजे सीए होणार. इतक्या वर्षांत मला त्रैराशिकाच्या पलीकडचं गणित क्वचित लागलं असेल. लागते ती भाषा. एक साधं उदाहरण सांगते. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च करासाठी धरला जात नाही. मात्र ट्रक-टेम्पोवाल्याला मालवाहतुकीचं भाडं दिलं असेल तर हीच मर्यादा ३५,००० होते. आणि त्यालाही काही अपवाद आहेत. नियम, त्याला पोटनियम, त्याला ‘परंतु’, त्या परंतुला पुन्हा स्पष्टीकरण. ज्याला असं वाक्य वाचताना डोळ्यांवर झापड येते त्याची संख्यात्मक क्षमता कितीही उच्च असो, त्याचे दिवस इथे कठीण जातात. आणि ज्याला ‘पण मग यात अमुक बसतं का?’ असा प्रश्न आपोआप पडतो, तो बारावीला गणित सोडून आला असला तरी तग धरतो.

माझ्या वेळी कसली चाचणी नि कसलं काय. बाबा बँकेत, म्हणून मी कॉमर्सला. बीएमसीसीतून बी.कॉम. झाले आणि बाबांच्या ओळखीने नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, लाकडी जिना चढून वर असलेल्या ऑफिसात आर्टिकल म्हणून, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारीला, चिकटले. सीएच्या कोर्ससाठी नाव घातलं होतं, पण इंटरची, म्हणजे फायनलच्या आधीची, परीक्षा पुढे होती. आधी ऑफिस, मग परीक्षा असा तो क्रम. त्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. वर गेलं की जुन्या कागदाचा, डिंकाचा आणि खालच्या मजल्यावरून येणाऱ्या फोडणीचा असा एकत्र वास यायचा. पहिल्या दिवशी सरांनी हिरवी पेन्सिल आणि व्हाउचरांची, म्हणजे खर्चाच्या पावत्यांची, एक चळत पुढ्यात ठेवली. “वहीतली रक्कम, व्हाउचरवरची रक्कम, तारीख, सही. चारही जुळलं तर टिक.” एवढंच शिक्षण. संध्याकाळपर्यंत बोटांना हिरवा रंग लागलेला असायचा आणि डोळे मिटले तरी टिकाच दिसायच्या.

आमच्या समोरच्या टेबलावर मिलिंद बसायचा. बोर्डात गणितात पैकीच्या पैकी. त्याला बघून मला वाटायचं, हा तर जन्मालाच सीए म्हणून आलाय. एका दिवाळीनंतर लक्ष्मी रोडवरच्या एका कापडवाल्याच्या वह्या आल्या. दिवाणजींचं अक्षर मोत्यासारखं, रोजच्या नोंदींची रोजकीर्द, खातेवार खतावणी, सगळं हाताने लिहिलेलं. आम्ही तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाकींची यादी, मांडली. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात, पण २७० रुपयांचा फरक आला. मी पुन्हा बेरीज केली. फरक तोच. सर आत चहा पीत होते, तिथूनच ओरडले, “९ ने भाग जातो का बघ.” जात होता. “मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. भागाकार ३० आलाय ना? शतक आणि दशकाची अदलाबदल आहे. दोन आकड्यांत ३ चा फरक असणार. शोधा.”

मिलिंदचा चेहरा उजळला. त्याने एका रद्दी व्हाउचरच्या पाठीवर दोन ओळींत सिद्धता मांडली: दोन शेजारी अंकांची अदलाबदल केली की येणाऱ्या फरकाला ९ ने भाग जाणारच, कारण १०अ + ब मधून १०ब + अ वजा केलं की ९(अ − ब) उरतात. ती सिद्धता त्याने मला दाखवली, मग सरांना दाखवली. खूश होता. मग म्हणाला, “चला, कळलं की. नोंद कुठली ती शोधून काढण्यात आता काय राहिलंय?” आणि डबा खायला गेला. मला मात्र तो डबा गोड लागला नसता. आठशे-नऊशे नोंदी होत्या. खतावणीचं एकेक पान रोजकीर्दीशी ताडत मी दिवेलागणीपर्यंत बसले आणि एका मुंबईच्या व्यापाऱ्याच्या खात्यात ४,५८० च्या जागी ४,८५० सापडले. दिवाणजींच्या मोत्यासारख्या अक्षरात. त्या क्षणी झालेला आनंद मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. ज्याला तो होतो त्याला सांगावा लागत नाही आणि ज्याला होत नाही त्याला पटत नाही.

मिलिंद पुढच्या वर्षी सोडून गेला, विद्यापीठात एम.एस्सी.ला, संख्याशास्त्राला. सर हळहळले नाहीत. “हुशार पोरगा आहे, इथे कुजला असता,” एवढंच म्हणाले आणि त्याच्या जागी दुसऱ्याला बसवलं.

आता प्राचीच्या त्या फाइलकडे बघताना मला वाटतं, मिलिंदने ही चाचणी दिली असती तर ‘संख्यात्मक क्षमता’ या ओळीचा आलेख पानाबाहेर गेला असता. चाचण्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पुण्याला तर त्यांचा मोठा वारसा आहे. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, ती मानसशास्त्राच्या पायावरच. तिथे बुद्धीच्या वेगवेगळ्या अंगांचा अभ्यास करून चाचण्या घडवण्याचं काम गंभीरपणे झालं आहे. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सरसकट सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा कल ‘गणवेशधारी सेवा’ असा आला म्हणून त्याच्या आजीने पेढे वाटले होते. तो आता आयटीत आहे. असो. सांगायचं काय, तर चाचण्या बनवणाऱ्यांनी आमच्या कामाचा विचार केलेला असतो, वाचणारेच तिथवर जात नाहीत. अमेरिकेत १९४७ साली तयार झालेली डिफरन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट्स ही चाचण्यांची मालिका जगभर वापरली गेली. तिच्यात वेग आणि अचूकतेचा एक स्वतंत्र भाग होता. एक अक्षर-आकड्यांची जोडी अधोरेखित करून दिलेली, उत्तरपत्रिकेवर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या जोड्या, त्यांतून नेमकी तीच शोधायची. मिनिटं मोजकी. बुद्धीला काही काम नाही, डोळ्यांना आणि मनाच्या बैठकीला आहे. ४,५८० आणि ४,८५० यांतला फरक ज्याच्या डोळ्याला टोचतो तो त्यात पुढे जातो. सोहमच्या अहवालातली ती कोरी राहिलेली ओळ म्हणजे हीच. आयांना ती कारकुनी वाटते. आपल्या पोराला कारकून थोडाच करायचाय!

तशी आवड तपासणारी चाचणीही वेगळी असते. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार मांडले. त्यात हिशेबाचं काम ‘कन्व्हेन्शनल’ या गटात जातं. म्हणजे घालून दिलेली पद्धत, नीट लावलेल्या फायली, ठरलेले नमुने यांत ज्यांना बरं वाटतं अशी माणसं. हे खरं आहे, पण अर्धंच. कारण ऑडिट करणाऱ्याला शिस्त तर लागतेच, शिवाय शिस्तीवरच संशय घेता यावा लागतो. ऑडिटिंगच्या मानकांत त्याला व्यावसायिक साशंकता म्हणतात. परीक्षेत तिची व्याख्या लिहिली की गुण मिळतात. अंगात असणं ही वेगळी गोष्ट.

ती कशी असते ते मी एका मुलीत पाहिलं. इंदापूरकडची, मराठी माध्यमातली. सीएची परीक्षा इंग्रजीत नाही तर हिंदीत लिहायची असते, मराठीची सोय नाही. त्यामुळे तिला प्रत्येक उत्तर मनात एकदा मराठीत आणि कागदावर एकदा इंग्रजीत द्यावं लागलेलं. इंटर दुसऱ्या खेपेला निघाली, तीही काठावर. मुलाखतीत एक वाक्य धड बोलली नाही. तरी घेतली, कारण हंगाम तोंडावर होता आणि माणूस हवा होता. तिला भोसरीच्या एका वर्कशॉपच्या ऑडिटला नेलं. तेलकट फरशी, लेथचा आवाज, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. मालकांनी दुरुस्तीच्या मजुरीची रोख व्हाउचरं काढून दिली: ९,८००, ९,७००, ९,९००. एकाच माणसाला, ओळीने वेगवेगळ्या तारखांना. प्रत्येक १०,००० च्या आत. सही आहे, रेव्हेन्यू स्टॅम्प आहे, वहीशी जुळतंय. हिरव्या पेन्सिलीच्या हिशेबाने चारही गोष्टी बरोबर. पोरीने टिक केली नाही. व्हाउचर खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत बसली. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, या तिन्हीची शाई एकच आहे. आणि यातली ही तारीख गुरुवारची आहे. इकडे गुरुवारी बंद असतं ना?”

वर्कशॉपच्या दारावर पाटी होती: साप्ताहिक सुट्टी गुरुवार. आम्ही सगळे त्या पाटीखालूनच आत आलो होतो.

मालकांनी आधी हसून नेलं, मग चहा मागवला, मग म्हणाले की दुरुस्ती एकदमच झाली होती, बिलं नंतर केली. तो खर्च आम्ही करासाठी धरला नाही. पुढच्या वर्षी ते ऑडिट दुसऱ्याकडे गेलं. ही त्या गुणाची किंमत आहे आणि ती कुठल्या अहवालात छापलेली नसते. घरी आल्यावर मी विचार करत होते, या मुलीची चाचणी केली असती तर काय निघालं असतं? भाषिक क्षमता मध्यम, संख्यात्मक मध्यम, आत्मविश्वास कमी. समुपदेशकाने प्रामाणिकपणे सांगितलं असतं की दुसरं काही बघा. त्याची काही चूक नसती. त्याच्या टेबलावरून तेवढंच दिसतं.

सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटची स्वतःचीही एक चाळणी आहेच. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देता येते. शंभर-शंभराचे चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ४०० पैकी २००. म्हणजे चारही पेपरांत चाळीस-चाळीस पडले तरी नापास. दोन पेपर पर्यायांचे, चुकलं की पाव गुण कापला जातो. हा पाव गुण मला आवडतो. माहीत नसताना ठोकून देऊ नये, ही या धंद्यातली पहिली गोष्ट तो शिकवतो. तिसऱ्या पेपरचं नावच क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड. त्यात अंकमालिका असतात, दिशा असतात आणि नातेसंबंधांची कोडीही असतात: ‘त्या बाईच्या भावाची आई माझ्या वडिलांची सासू, तर ती बाई माझी कोण?’ मुलं म्हणतात, याचा अकाउंट्सशी काय संबंध. आहे ना! मावशीने तुम्हाला लाख रुपये भेट दिले तर त्यावर कर नाही. मावसभावाने दिले तर अख्खी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, कारण कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत मावशी बसते, तिचा मुलगा बसत नाही. लग्नात दिले तर पुन्हा चालतात. ज्याला मराठी नात्यांचा गुंता घरबसल्या कळतो त्याला आयकर कायदा अर्धा आलाच.

पण चाळणी म्हणूनही ही परीक्षा फार भरवशाची नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेर सुरू झालेल्या फाउंडेशनचा निकाल २९.९९ टक्के लागला आणि पुढच्या जूनमधल्या परीक्षेचा १४.९६ टक्के. सहा महिन्यांत देशातल्या मुलांची उपजत योग्यता निम्म्यावर आली म्हणायची का? पेपर बदलतो, तपासणी बदलते, बसणारी मुलं बदलतात. फायनलला तर २०२३ च्या नोव्हेंबरात पेपरांचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के पास झाले. त्यात नापास झालेले सगळे या कामाला नालायक होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या ऑफिसात त्यांच्यातले दोघं आहेत आणि रिटर्नच्या दिवसांत मी त्यांच्याच जिवावर झोपते.

मला खरी खटकते ती गोष्ट वेगळीच. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली आणि ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय सुरू होत नाही. अभ्यासाला सलग वेळ मिळावा म्हणून हे केलं आणि त्या अंगाने ते ठीकही आहे. पण मुलाच्या बाजूने बघा. दहावीला चाचणी, अकरावीपासून क्लास, बारावी, फाउंडेशन, पुन्हा क्लास, इंटरचा एक ग्रुप, दुसरा ग्रुप. एवढं सगळं झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी ऑफिसात व्हाउचरांच्या चळतीसमोर बसतो. तेव्हा त्याला कळतं की हे आपल्याला आवडत नाही. तोवर आईबापांचे पैसे गेलेले असतात, नातेवाइकांत सांगून झालेलं असतं, वीस-एकवीस वय झालेलं असतं. मग तो सोडत नाही. सवय करून घेतो. असे सवय करून घेतलेले सीए मी बरेच पाहिलेत. वाईट काम करत नाहीत, फक्त दुपारी चारनंतर घड्याळाकडे बघतात.

आप्पा बळवंत चौकातून नाही तर टिळक रोडवरून जाताना क्लासांच्या फ्लेक्सवर रँकर मुलांचे पासपोर्ट फोटो ओळीने लावलेले दिसतात. त्याच रस्त्यांच्या मागच्या गल्ल्यांत अभ्यासिका आहेत. एमपीएससीवाले आणि सीएवाले शेजारी शेजारी बसतात, महिन्याने जागा घेऊन. लाकडी फळ्यांचे खण, प्रत्येक खणात पाण्याची बाटली, टेबलफॅन, चिकटवलेलं वेळापत्रक आणि ‘मोबाइल सायलेंट ठेवा’ अशी पाटी. पहाटे साडेपाचला शटर वर जातं. चपलांचा ढीग दाराबाहेर. माझी भाची तिथे बसायची, तिला डबा द्यायला एकदा आत गेले होते. तिथली शांतता मला सहन झाली नाही. शांत नव्हतंच ते, सगळे ओठ हलवत पाठ करत होते. बैठक हा गुण असेल तर तो इथे आहे, आणि भरपूर आहे. पण त्यातले निम्मे कुठल्या कामासाठी बसलेत हे त्यांना विचारलं तर ‘सीए व्हायचंय’ म्हणतील. करायचं काय आहे, ते नाही सांगता येणार.

म्हणून मी प्राचीला म्हटलं, फाइल राहू दे, मे महिन्याच्या सुट्टीत पोराला ऑफिसला पाठव. आला. पहिल्या दिवशी कानात हेडफोन घालून व्हाउचरं जुळवली, बऱ्यापैकी जुळवली. दुसऱ्या दिवशी जांभया. बँकेचं स्टेटमेंट आणि वही ताडून न वटलेले चेक शोधायला दिले, तर शेवटचे दोन सोडून दिले आणि म्हणाला, “असतील काहीतरी.” मला माझं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी एका भागीदारीचा करारनामा त्याच्या हाती लागला. दोन भाऊ आणि एक मेहुणा, नफ्याची वाटणी, कोणी निवृत्त झाला तर काय, कोणी गेला तर काय. तो जेवायच्या सुट्टीतही वाचत बसला. मग विचारतो, “मावशी, यात तोटा झाला तर मेहुण्याचं काय, ते लिहिलंच नाहीये.” खरंच लिहिलं नव्हतं. आणि निघताना एका ऑडिट रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाला, “हे कोण वाचतं?” मी सांगितलं, बँक वाचते, आयकर खातं वाचतं. खरं तर बऱ्याचदा कोणीच वाचत नाही. फक्त ते केलेलं आहे एवढ्यावर लोक विसंबतात. पण पोराला पहिल्याच आठवड्यात इतकं कशाला सांगा.

प्राचीला निकाल हवा होता. मी जे पाहिलं ते सांगितलं: ताळमेळात रस नाही, कलमांत आहे, कायद्याकडे बघायला हरकत नाही. ती म्हणाली, “पण गणितात एवढा चांगला आहे गं!” फाउंडेशनचं स्टडी मटेरियल इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. क्लासची फी भरण्याआधी अकाउंटिंगचं आणि ‘बिझनेस लॉज’चं, म्हणजे व्यापारी कायद्यांचं, एकेक प्रकरण त्याने स्वतः, कोणी न शिकवता वाचून बघावं, एवढं मी सुचवलं. कुठे अडतो यापेक्षा अडल्यावर काय करतो ते बघ, म्हटलं. तिने ऐकून घेतलं. क्लासवाल्यांची सवलत महिनाअखेर संपत होती, त्यामुळे पुढचं मला माहीत आहे.

मिलिंदशी यावर माझा वाद चालतो. तो आता कोथरूडला राहतो, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आणि त्याचं म्हणणं असं की सोळाव्या वर्षी कोणाचं काही सांगता येत नाही, त्याचंही कोणाला सांगता आलं नसतं. मी म्हणते, मला आलं असतं, त्या दिवशी तू डबा खायला उठलास तेव्हाच. निवृत्त झाल्यापासून त्याच्या सोसायटीने त्याला खजिनदार केलंय, गणिताचा माणूस म्हणून. सगळं एका वहीत हाताने लिहितो आणि एप्रिलमध्ये ती वही नजर टाकायला माझ्याकडे पाठवतो. यंदाच्या ताळेबंदात एक ओळ होती: उचंत खाते, ४१२ रुपये. न जुळलेली रक्कम तात्पुरती ठेवायचं हे खातं. फोन केला तर म्हणाला, “जुळत नव्हतं, टाकले उचंतला. ४१२ रुपयांसाठी कोण मरतंय?”

४१२ ला ९ ने भाग जात नाही. मग निम्मे केले, २०६. एखादी रक्कम नावेऐवजी जमेला पडली की फरक दुपटीने येतो. रात्री जेवणं झाल्यावर त्याची वही घेऊन बसले आणि झोपायच्या आधी त्याला मेसेज केला: सापडलं, १४ ऑगस्टचं झेरॉक्सचं बिल, जमेला टाकलंयस.

त्याचं उत्तर लगेच आलं. “तू अजून जागी आहेस?”